बगळ्याचे पीस आणि काचेची प्लेट

१९११ साली लंडनच्या वेस्ट एंड भागात, जिथे बायकांच्या टोप्यांची महागडी दुकाने होती, काही माणसे छाती-पाठीवर फलक अडकवून फिरत होती. फलकांवर छायाचित्रे होती : घरट्यात पिलांना भरवणारे बगळे, मग मारलेले बगळे, मग उपाशी पिले. ही माणसे इंग्लंडच्या पक्षिरक्षक रॉयल सोसायटीची, आणि छायाचित्रे मेलबर्नच्या ए. एच. ई. मॅटिंग्ली यांनी ऑस्ट्रेलियात काढलेली. पक्षिरक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग सांगितला जातो तो करुणेची कथा म्हणून. माझे कुतूहल वेगळे आहे. त्या काळच्या प्लेटवर पांढऱ्या पक्ष्याचे पीस मुळात उतरलेच कसे? प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटेल. पण भांडण पिसांचेच होते, त्यामुळे पीस दिसणे म्हणजे पुरावा मिळणे होते.

आधी ते भांडण. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर लांब, झिरझिरीत पिसे येतात. त्यांच्या तंतूंना एकमेकांत अडकवणारे आकडे नसतात, म्हणून ते सुटे, हवेवर तरंगणारे राहतात. आपल्याकडे कलगी आणि तुरा हे शब्द लावणीच्या फडापर्यंत पोचले, त्यामागेही पागोट्यात पीस खोवण्याची जुनी हौस आहे. युरोपात मात्र या हौसेचा कारखाना झाला. लंडनच्या बाजारात या पिसांना ‘ऑस्प्रे’ म्हणत. वास्तविक ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी. त्याचा या पिसांशी काही संबंध नाही. नावापासूनच फसवणूक.

टीका वाढली तसे व्यापाऱ्यांनी दोन बचाव पुढे केले. पहिला असा, की ही पिसे कृत्रिम आहेत. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे संचालक सर विल्यम फ्लॉवर यांनी कृत्रिम म्हणून विकलेली पिसे तपासली, तर ती खऱ्या बगळ्याचीच निघाली. दुसरा बचाव जास्त चिवट होता : पिसे खरी, पण गळालेली, वसाहतीखालून वेचलेली, पक्ष्याला इजा नाही. विरोधक म्हणत, की गळून पडेपर्यंत पीस झिजते, मळते, त्याला टोपीवर कोण लावणार? हा वाद सोडवायचा तर पिलांजवळ उभा असलेला, पाठीवर ताजा पिसारा असलेला जिवंत पक्षी दाखवायला हवा होता. म्हणजे छायाचित्र हवे होते.

आणि नेमके हेच छायाचित्र त्या काळी सर्वांत अवघड.

सुरुवातीच्या प्लेटवरचा थर मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच दाद देई. निळे आकाश आणि पांढरा बगळा तिला जवळजवळ सारखेच. झाडाची हिरवी पाने मात्र काळीठिक्कर. बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये थरात रंगद्रव्य मिसळून प्लेट हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागी करता येते हे शोधले. अशी प्लेट आणि भिंगापुढे पिवळी काच घेतली, की आकाश थोडे दबते आणि बगळ्याची कड त्यापासून सुटी होते. पण पिवळी काच प्रकाश खाते, म्हणून प्लेट जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. आणि झुळुकेने हलणारे पीस तेवढा वेळ कुठले थांबायला!

दुसरा शत्रू काचेच्या पाठीमागे होता. झगझगीत पांढऱ्यावरून आलेला प्रकाश थर ओलांडून काचेत शिरे, मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येई आणि पक्ष्याभोवती धूसर वलय उठवी. पिसाचे टोक पहिल्यांदा जाई ते इथेच. यावरचा उपाय मला फार आवडतो : प्लेटच्या पाठीला काळपट लेप द्यायचा, आणि तो लेप पुष्कळदा जळक्या साखरेचा असे, त्यात तपकिरी माती कालवलेली. बगळ्याचे पीस वाचवायला स्वयंपाकघरातला पाक!

तिसरी अडचण समजायला दोन रसायनतज्ज्ञ लागले. फर्डिनांड हुर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड हे इंग्लंडात विडनेसच्या अल्कली कारखान्यांत काम करत. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. (अशा फावल्या वेळच्या संशोधकांविषयी मला आपुलकी वाटते, हे लपवत नाही.) १८९० साली त्यांनी प्रकाश आणि निगेटिव्हचा काळेपणा यांचे नाते आलेखावर मांडले. आलेखाच्या मधल्या सरळ भागात प्रकाश वाढतो तसा काळेपणाही प्रमाणात वाढतो. वरच्या टोकाला रेषा वाकते. तिथे प्रकाश वाढला तरी काळेपणा फारसा वाढत नाही. निगेटिव्हवर बगळा काळा असतो, आणि तो जास्त प्रकाश लागून त्या वाकलेल्या भागात गेला, की पीस आणि पिसामधली सावली सारखीच काळी होते. मग डार्करूममध्ये कितीही खटपट करा, जे प्लेटवर वेगळे नोंदलेच नाही ते कागदावर वेगळे कसे येणार?

मी कृष्णधवल फिल्म स्वतः धुण्यात बरीच वर्षे घालवली, त्यामुळे हा आलेख मला पुस्तकाआधी बोटांनी कळला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मइतकाही मऊ वाकाव नसतो. मर्यादा ओलांडली की माहिती तिथल्या तिथे संपते. भिगवणला उजनीच्या पाण्यावर बगळे टिपणारे तरुण ‘पांढरा जळला’ म्हणतात ते हेच. गडद पाण्यापुढे छोटा बगळा असेल, तर कॅमेऱ्याचा मीटर पाणी मोजतो आणि बगळा जाळतो. बगळ्यानेच चौकट भरली, तर तोच मीटर त्याला राखाडी करतो. उपायही जुनाच : सकाळचे तिरके ऊन, मागे सावली, आणि मीटरचे न ऐकता पांढऱ्यापुरते एक्स्पोजर राखणे. तंतू दिसतो तो त्याच्या शेजारी पडलेल्या सावलीमुळे. भर दुपारी, समोरून पडलेल्या उन्हात ती सावलीच नसते.

आता मॅटिंग्लींकडे. ते कस्टम्स खात्यात नोकरीला होते. १९०६ च्या अखेरीस न्यू साउथ वेल्समधल्या मथूरा भागातल्या बगळ्यांच्या वसाहतीत त्यांनी पक्षी टिपले. काही आठवड्यांनी ते परतले, तोवर पिसे काढणारे येऊन गेले होते. दोन्ही भेटींची हकिगत ‘एमू’ या नियतकालिकात १९०७ साली आली. पिसांच्या बारकाव्यासाठी आज कोणी ही चित्रे नावाजणार नाही. त्या पुनर्मुद्रणांत माझी नजर पीस शोधते, आणि छपाईच्या ठिपक्यांत उरलेसुरले तंतूही हरवतात. तरी माझ्या मते ‘गळालेल्या पिसां’चा बचाव मोडायला ती पुरेशी होती. पहिल्या भेटीची चित्रे आणि दुसऱ्या भेटीची चित्रे शेजारी ठेवली, की वेळेचा हिशोब लागतो : शिकारी आले ते पिले घरट्यात असतानाच, कारण पिसारा ताजा असतो तो तेव्हाच. जे एका प्लेटला सांगता आले नसते, ते चित्रांच्या क्रमाने सांगितले.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो, आणि तो तितका सरळ नाही. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्येच पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली होती. तरी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये बगळे पाळून, त्यांची पिसे वर्षातून अनेकदा काढण्याचा धंदा चाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली त्यावर लेख आला. म्हणजे गळालेले नाही, मारूनही नाही, असे तिसरेच उत्तर सिंधच्या पिंजऱ्यांत होते, आणि लंडनच्या वादातल्या दोन्ही बाजूंना ते गैरसोयीचे होते.

ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा व्हायला १९२१ साल उजाडले. तोवर महायुद्ध होऊन गेले होते, बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली होती, आणि बगळ्याचा तुरा पेलणाऱ्या मोठ्या टोपीला त्या डोक्यावर जागाच उरली नव्हती.