मृद्गंध

तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडताच दरवळणारा वास. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या काळ्या जमिनीत तो सर्वांच्या परिचयाचा आहे. वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला व घ्राणेंद्रियही पार्थिव ठरविले. हा वास अत्तरात उतरविण्याची कला कनौजच्या कारागिरांना अवगत होती. रसायनशास्त्र त्याकडे उशिराच वळले. फ्रान्समध्ये बेर्तलो व आंद्रे यांनी १८९१ मध्ये मातीच्या वासाचा अभ्यास केला. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेअर व टॉमस यांनी कोरड्या खडकांत व मातीत शोषलेल्या तेलकट द्रव्यांकडे लक्ष वेधले. पुढील वर्षी अमेरिकेत गर्बर व लेशव्हॅलिए यांनी सूक्ष्मजीवांपासून ‘जिओस्मिन’ हे द्रव्य वेगळे केले. म्हणजे या वासाचा मोठा भाग मातीचा नसून तीतील स्ट्रेप्टोमायसीज आदी जीवाणूंचा आहे.

तो नाकाला कळतो कसा, याचा उलगडा बक व ॲक्सेल यांच्या १९९१ मधील संशोधनाने सुरू झाला (नोबेल पारितोषिक, २००४). मानवी नाकात सु. ४०० प्रकारची ग्राही प्रथिने असतात. गंधरेणू अनुरूप ग्राहीच्या खोबणीत बसला, की कोशिकेत रासायनिक साखळी सुरू होते, आयनमार्ग उघडतात व विद्युत् संदेश मेंदूकडे जातो. जिओस्मिन एक लक्ष कोटी भागांत काही भाग एवढे असले, तरी जाणवते. बीटाचा व कधीकधी तलावाच्या पाण्याचा मातकट वास याच द्रव्यामुळे येतो.