चाळीस रुपयांचा मुन्शी

स्पर्धा परीक्षेचं कुठलंही गाइड उघडा, आधुनिक भारताच्या प्रकरणात एक ओळ हमखास सापडते. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यात सनदी नोकरांच्या प्रशिक्षणासाठी फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. मुलं ती ओळ पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्या ओळीत कॉलेज काढणारा आहे आणि शिकणारेही आहेत. शिकवणारे कोण होते, हे मात्र येत नाही. आज त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

आधी कॉलेजच्या वाढदिवसाबद्दल. स्थापनेचा कायदा १० जुलै १८०० रोजी मंजूर झाला. पण कॉलेज ४ मे १८०० पासूनच अस्तित्वात आलं असं मानावं, अशी सोय वेलस्लीने त्यातच करून ठेवली. बरोबर एक वर्ष आधी, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणम पडलं होतं आणि टिपू सुलतान लढता लढता शहीद झाला होता. त्या विजयाचा पहिला वाढदिवस म्हणून ही तारीख. टिपूच्या ग्रंथालयात सुमारे दोन हजार हस्तलिखितं होती. त्यांतला मोठा भाग लुटीनंतर कलकत्त्याला आणून याच कॉलेजच्या कपाटांत ठेवण्यात आला. कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या चार्ल्स स्ट्युअर्टने त्या ग्रंथांची यादी तयार केली आणि ती १८०९ मध्ये छापली गेली. ज्या सुलतानाला मारलं त्याचीच पुस्तकं वाचून साहेब राज्य करायला शिकणार होता. वेलस्लीला यात काही विसंगत वाटलं नसावं.

त्याची अडचण खरीखुरी होती. कंपनीचे नोकर पंधरा ते अठरा वर्षांचे असताना विलायतेहून यायचे. हुद्दा 'रायटर', म्हणजे कारकून. माल मोजायचा, वह्या लिहायच्या, इतकंच काम अपेक्षित होतं. परंतु एव्हाना बंगाल-बिहारचा महसूल आणि न्याय कंपनीकडे होता. कालचा वखारीतला पोरगा आज जिल्ह्याचा न्यायाधीश होत होता, आणि फिर्यादी काय म्हणतो हे त्याला कळत नव्हतं. हे आता व्यापाऱ्याचे गुमास्ते राहिलेले नाहीत, एका सत्तेचे अधिकारी झाले आहेत, असं वेलस्लीने कंपनीच्या संचालकांना लांबलचक टिपण लिहून कळवलं. कॉलेजच्याही आधी, १७९८ मध्ये, त्याने एक हुकूम काढला होता. १ जानेवारी १८०१ नंतर ठरावीक पदांवर नेमणूक हवी असेल तर कायदे-कानू आणि देशी भाषा येतात हे परीक्षा देऊन सिद्ध करावं लागेल. कंपनीच्या हिंदुस्थानात 'आधी परीक्षा, मग खुर्ची' हा नियम तिथून सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

वर्ग रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत. (हीच ती इमारत, जिथून २०१३ पर्यंत बंगालचं सरकार चाललं.) कॉलेजचा प्रमुख चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री असलाच पाहिजे, असा नियम होता. प्राध्यापक सगळे युरोपियन. विल्यम कॅरीसारखा विद्वान गोरा आणि ख्रिस्ती असूनही बाप्टिस्ट पंथाचा होता. त्यामुळे सुरुवातीला त्यालाही प्राध्यापक म्हणता येईना. तो नुसता 'शिक्षक', महिना पाचशे रुपये. त्याच्या खाली आपली माणसं, म्हणजे मुन्शी आणि पंडित. प्रमुख मुन्शीला दोनशे रुपये, दुसऱ्याला शंभर आणि बाकीच्यांना महिना चाळीस.

मीर अम्मन देहलवी हा या 'बाकीच्यां'पैकी. 'बाग-ओ-बहार'च्या प्रस्तावनेत त्याने स्वतःची हकीकत थोडक्यात सांगितली आहे. त्याचं घराणं हुमायूनच्या काळापासून बादशाही चाकरीत होतं, जहागीर खाऊन होतं. सूरजमल जाटाने जहागीर घेतली, अहमदशाह दुर्रानीच्या फौजेने घर लुटलं. मग दिल्ली सुटली. काही वर्षं अजीमाबादेत, म्हणजे पाटण्यात, काढली आणि तिथून पोटासाठी कलकत्ता गाठलं. एका नवाबाच्या धाकट्या भावाची शिकवणी केली. शेवटी मीर बहादूर अली हुसैनीच्या ओळखीने हिंदुस्तानीचे प्राध्यापक जॉन गिलख्रिस्ट यांच्यापर्यंत पोचला. बुडालेल्या दिल्लीचा माणूस चढत्या कलकत्त्यात रोजगार शोधत आला होता. गिलख्रिस्टला नेमकी त्याच्या जिभेवरची भाषा हवी होती.

आता तो शिकवत काय होता ते पाहा. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे.

वेलस्लीच्या दीडशे वर्षं आधी, शाहजहानच्या दरबारात चंद्रभान ब्राह्मण नावाचा मोठा मुन्शी होता. चांगला मुन्शी कसं व्हायचं, हे त्याने आपल्या मुलाला पत्रातून समजावलं आहे. अखलाक-ए-नासिरी आणि अखलाक-ए-जलाली वाच, सादीची गुलिस्ताँ आणि बोस्ताँ वाच. इन्शा म्हणजे पत्रलेखन शिक, सियाक म्हणजे हिशेब लिहिण्याची रीत शिक. 'अखलाक' हे ग्रंथ राज्यकर्त्याने आणि त्याच्या चाकराने कसं वागावं, न्याय कसा तोलावा याबद्दल आहेत. एक ब्राह्मण बाप आपल्या मुलाला सादी वाचायला सांगतो, यात त्या काळी कुणाला नवल वाटत नव्हतं. लेखणीवर जगणाऱ्या हिंदू-मुसलमान घरांचा हा सामाईक अभ्यासक्रम होता. आपल्याकडे मोडी गिरवत दफ्तरात उमेदवारी करणारा कारकून त्याच जातीच्या शिक्षणातून जात असे. त्याला मेस्तकं असत, पत्रांचे मायने पाठ करावे लागत. परीक्षा वेगळी होत नसे. उस्तादाने किंवा फडणिसाने कागद नजरेखालून घातला की झालं.

फोर्ट विल्यमच्या पुस्तकांची यादी याच्या शेजारी ठेवा. मीर शेर अली अफसोसने गुलिस्ताँ हिंदुस्तानीत आणली आणि नाव ठेवलं 'बाग-ए-उर्दू'. मीर अम्मनने 'बाग-ओ-बहार'बरोबर 'गंज-ए-खूबी' लिहिलं, ते अखलाक-ए-मोहसिनीचं भाषांतर. हैदरबख्श हैदरीची 'तोता कहानी' पोपटाच्या तोंडून व्यवहार शिकवते. मराठीच्या वाट्याला आले सिंहासन बत्तिशी आणि हितोपदेश. पहिल्यात विक्रमाचा न्याय, दुसऱ्यात राजपुत्रांना शिकवायची नीती. म्हणजे विलायती मुलांना राज्यकारभारासाठी तयार करणारं हे नवं कॉलेज भाषांच्या वर्गात मुन्शींच्याच घरचा जुना अभ्यासक्रम शिकवत होतं. नवीन काय होतं? वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तक, पदक आणि प्रमाणपत्र. विद्या मुन्शीची होती आणि प्रमाणपत्रावर सही कंपनीची. 'ब्रिटिशांनी आपल्याला प्रशासन शिकवलं' हे वाक्य ऐकलं की मला ही यादी आठवते.

मराठी तिथे कशी पोचली, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. कॅरीकडे आधी बंगाली आणि संस्कृत होतं, मराठी नंतर आली. १८०३ मध्ये असईची लढाई झाली, शिंदे-भोसल्यांचा मुलूख कंपनीच्या हाती येऊ लागला आणि त्या मुलखाची भाषा जाणणारे अधिकारी लागू लागले. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये शब्दकोश. कोशातले मराठी शब्द मोडीत छापले आहेत, कारण दफ्तराचा कागद मोडीत असे. कॅरीला मराठी शिकवणारे पंडित वैद्यनाथ. मुखपृष्ठावर नाव कॅरीचं, पंडितांचे आभार प्रस्तावनेत. छापील मराठीची सुरुवात सांगताना आपण श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्याचं नाव घेतो, ते योग्यच आहे. पण पहिलं गिऱ्हाईक मराठी वाचक नव्हता, परीक्षेला बसणारा साहेब होता.

उर्दू गद्याबद्दलही असंच सरसकट बोललं जातं. उर्दू गद्य फोर्ट विल्यममध्ये जन्मलं म्हणे! दखनी माणसाने हे मुकाट्याने ऐकून घेऊ नये. मुल्ला वजहीने गोवळकोंड्यात 'सबरस' लिहिलं ते १६३५ मध्ये. कलकत्त्यात घडलं ते वेगळं. बोलीजवळचं, सोपं, परीक्षेला लावता येईल असं गद्य मोठ्या प्रमाणावर आणि छापून तयार झालं. त्याच खटपटीत एक वाईट गोष्टही घडली. लल्लूलाल यांच्याकडून 'प्रेमसागर' लिहून घेतलं गेलं, त्यात अरबी-फारसी शब्द वेचून टाळलेले. एक पुस्तक नस्तालिकमध्ये, दुसरं नागरीत. मग एक भाषा मुसलमानांची, दुसरी हिंदूंची. उर्दू-हिंदीचा सगळा झगडा या कॉलेजच्या माथी मारणं मला पटत नाही, त्याला पुढचं शतकभराचं राजकारण कारण आहे. मात्र अभ्यासक्रमाला कप्पे लागतात, आणि ते कप्पे इथे पडले.

परीक्षेचा सर्वांत थाटाचा भाग म्हणजे जाहीर वादविवाद. पहिला १८०२ मध्ये झाला. गव्हर्नर-जनरल, न्यायाधीश, शहरातले प्रतिष्ठित लोक समोर बसलेले. एक विद्यार्थी फारसीत, हिंदुस्तानीत किंवा बंगालीत एखादा सिद्धांत मांडणार आणि दुसरे तो खोडणार. आपल्या मदरशांतला मुनाजरा पाहिलेल्यांना ही पद्धत परकी वाटली नसावी. हिंदुस्थानात सर्वांत उपयोगी भाषा हिंदुस्तानीच, हा पहिल्या वर्षाचा एक विषय. दुसऱ्या वर्षी सतीप्रथेवर वाद झाला.

१८०४ मध्ये ठिणगी पडली. विषय असा निवडला की इथल्या लोकांना त्यांचे धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ दोन्ही देशी भाषांत वाचायला मिळाले तर काय लाभ होईल. प्रश्नातच उत्तर दडलेलं होतं. कलकत्त्यातल्या मुसलमान विद्वानांनी वेलस्लीकडे अर्ज केला की हा आमच्या धर्मात हस्तक्षेप आहे. वेलस्लीचं उत्तर मासलेवाईक होतं. विषयात आक्षेपार्ह काही दिसत नाही, तरी लोकांची भीती दूर व्हावी म्हणून हा वाद होणार नाही. विषय रद्द झाला. त्याच वर्षी गिलख्रिस्ट नोकरी सोडून विलायतेला गेले. अर्जामुळे कंपनी हादरली वगैरे मी म्हणणार नाही. परंतु लेखी अर्ज करून परीक्षेचा विषय बदलायला लावणं, तेही १८०४ मध्ये, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळी मिळवण्याइतकी नक्कीच मोठी आहे.

पुढचा इतिहास उतरणीचा. लंडनच्या संचालकांना हा खर्च पहिल्यापासून खुपत होता. १८०२ मध्येच त्यांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम दिला. वेलस्लीने टाळाटाळ केली, शेवटी फक्त भाषांचं शिक्षण कलकत्त्यात उरलं. बाकीचं काम १८०६ मध्ये सुरू झालेल्या, नंतर हेलीबरीला हललेल्या कॉलेजकडे गेलं. तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता, आणि फारसी शिकवायला १८२६ पासून मिर्झा मुहम्मद इब्राहिम हे इराणी गृहस्थ. १८३७ मध्ये फारसीचं दफ्तरी स्थान गेलं आणि मुन्शीची किंमतही. १८५४ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज मोडीत निघालं. १८५५ मध्ये लंडनला खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. त्यात ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशात नोकरी करायची, त्या देशाच्या विद्येचा भाव बरोबर निम्मा! तरीही सत्येंद्रनाथ ठाकूर १८६३ मध्ये ती पास झाले, आणि त्यांची बरीचशी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात, सोलापूर-साताऱ्याकडे झाली.

फोर्ट विल्यममध्ये नाव नोंदवणारा पहिला विद्यार्थी चार्ल्स मेटकाफ. तो पुढे हैदराबादला रेसिडेंट झाला आणि १८३५ मध्ये काही काळ गव्हर्नर-जनरलही. त्याचा भाऊ थॉमस याने दिल्लीत यमुनेकाठी मोठी कोठी बांधली. १९४७ मध्ये भारतीय प्रशासन सेवेची प्रशिक्षण शाळा सुरू झाली ती याच मेटकाफ हाउसमध्ये, आणि २१ एप्रिल १९४७ रोजी सरदार पटेलांनी पहिल्या तुकडीसमोर भाषण केलं तेही तिथेच. १९५९ मध्ये मसुरीला अकादमी झाली, तोवर स्वतंत्र भारताचे नवे अधिकारी मीर अम्मनच्या काळातल्या त्या विद्यार्थ्याच्या भावाच्या घरात शिकत होते.