मोहाचे वय : एका विसरलेल्या चवीचा इतिहास

गेल्या महिन्यात नागपुरात एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण जमलो होतो. टेबलावर नाशिकच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या होत्या. एक ताज्या हंगामाची, दुसरी सात वर्षे कपाटात जपून ठेवलेली. दोन्ही शेजारी शेजारी ओतून, प्याले उजेडाकडे धरून आम्ही मोठ्या गांभीर्याने मते मांडत होतो. तरुण वाइनचा रंग जांभळट, चव तुरट आणि अंगावर येणारी. जुनीच्या कडेला विटकरी छटा, तुरटपणा विरलेला, वासात मनुका आणि ओल्या पानांचा भास. तेवढ्यात आमच्यातील तुमसरकडचा मित्र म्हणाला, "माझी आजी हेच करायची. फक्त बाटली नव्हती आणि द्राक्षेही नव्हती. जिभेवर थेंब ठेवून ती सांगायची, फूल यंदाचे की मागच्या सालचे."

सगळे हसले. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो, आणि आजचा धागा त्यातूनच निघाला आहे.

प्रश्न साधा आहे. द्राक्षाच्या मद्याचे वय ओळखणे ही रसिकता मानली जाते. मग मोहाच्या मद्याचे वय ओळखणाऱ्या आजीला आपण रसिक का म्हणत नाही? मोहाची दारू म्हटले की आपल्यासमोर केवळ नशा उभी राहते, चव उभी राहत नाही. हे असेच पूर्वापार चालत आले आहे का? माझ्या मते नाही. त्यामागे साधारण दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कागदपत्रांत सापडतो.

आधी फुलाविषयी. भंडारा हा वैनगंगेचा, तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मोहाडी नावाचा तालुकाच येथे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पाने गळतात आणि पहाटेच्या वेळी मांसल, फिकट पिवळी फुले टपटप जमिनीवर पडू लागतात. बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. ही फुले उन्हात वाळवली की मनुक्यांसारखी तपकिरी, चिकट होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणूनच ती खाल्ली जातात, भाकरीत मिसळली जातात, गुराढोरांना घातली जातात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतातील असंख्य कुटुंबांना ज्या रानमेव्याने तगवले, त्यात मोहफूल अग्रभागी होते.

येथे वाइनशी असलेला एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागेल. वाइन केवळ आंबवलेली असते. मोहाची दारू आंबवून मग भट्टीवर उतरवलेली असते. वाइन बाटलीतही बदलत राहते, कारण तिच्यातील रंगद्रव्ये आणि तुरट घटक वर्षानुवर्षे एकमेकांत गुंतत जातात. उतरवलेली दारू काचेत ठेवल्यास फारशी बदलत नाही. तिला वय हवे असेल तर लाकडी पिंप लागते, आणि आपल्याकडे ती परंपरा नव्हती. मग मित्राची आजी नेमके कोणते वय ओळखत होती? फुलाचे. चैत्रात नुकत्याच वाळलेल्या फुलाची दारू वेगळी, आणि पावसाळा पाहिलेल्या, दमट हवेत मुरलेल्या फुलाची वेगळी. द्राक्षाचे वय बाटलीत मोजतात, मोहाचे वय साठवणीच्या मडक्यात. पोळ्याला किंवा दिवाळीनंतरच्या मंडईला जी दारू निघे, ती या अर्थाने 'जुनी' असे.

नव्या-जुन्याचा हा विवेक भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात मद्याविषयी स्पष्ट निवाडा आहे : नवे मद्य बहुधा जड आणि दोष वाढवणारे असते; जुने मद्य हलके, रुची आणणारे, भूक प्रदीप्त करणारे आणि शरीरातील मार्ग मोकळे करणारे असते. याच संहितेत ग्रहणीच्या चिकित्सेत मधूकासव येतो. मधूक म्हणजे आपला मोह. फुलांचा काढा आटवायचा, थंड झाल्यावर मध घालायचा आणि वेलदोडा, अगरू, चंदन यांनी आतून माखलेल्या भांड्यात महिनाभर मुरवत ठेवायचा. मुरवण्याचा कालावधी हा पाककृतीचाच भाग आहे, आणि भांड्याला सुगंध देण्याची कल्पनाही. पिंपाच्या लाकडाचा वास मद्यात उतरवणाऱ्या युरोपीय कारागिरांना हे वाचून आपलेपणाच वाटेल.

कौटिल्याचे अर्थशास्त्र त्याहून रोचक आहे, कारण तेथे चवीपेक्षा परवान्याचा विचार आहे. सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्यावर राज्याचे कडक नियंत्रण दिसते. मात्र घरगुती कार्यासाठी कुटुंबांना श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मोकळीक आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सूटही आहे. महसुलाच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर असलेल्या या ग्रंथानेही घराचा उंबरठा ओलांडलेला नाही, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढे १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांतील भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा घडवण्यात आला. ही सीमारेषा ध्यानात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

ब्रिटिश अबकारीचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात एखाद्या परिसरातील भट्टी आणि दुकान यांचा मक्ता लिलावात दिला जाई. मक्तेदार बहुधा कलार समाजातील असत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरील ग्रंथात या समाजाचे नाव मद्य बनवणाऱ्या 'कल्यपाल' या संस्कृत शब्दाशी जोडलेले आहे. मक्ता एकाला मिळाला की इतरांनी घरी दारू उतरवणे गुन्हा ठरे. तरीही गावच्या भट्टीत गावचेच फूल जात होते आणि पिणाऱ्याला भट्टीवाला ठाऊक होता.

दुसरा टप्पा निर्णायक ठरला. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनंतर गावभट्ट्या आवरून मोठ्या आसवनीतून ठेक्याने दारू पुरवण्याच्या पद्धतीला जोर आला आणि १९१५ मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. आता ठरावीक तीव्रतेची दारू पिंपांतून दुकानात येऊ लागली. कर बसे तो मद्यार्काच्या प्रमाणावर, आणि ते प्रमाण सांगे हायड्रोमीटर : दारूत तरंगणारी एक नळी, तिच्यावर अंकांच्या खुणा.

माझ्या मते मोहाच्या चवीचा इतिहास या नळीपाशी वळण घेतो. तोपर्यंत दारू जिभेने, नाकाने आणि विस्तवाने तपासली जाई. धारेचे चार थेंब आगीवर टाकायचे आणि ज्योत कशी उठते ते पाहायचे. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग मराठीला भट्टीनेच दिला. आरंभी उतरणारी धार सर्वांत कडक, मग ती मवाळ होत जाते. आज आपण पहिल्या धारेचा विनोद म्हणतो, पहिल्या धारेची शिवी म्हणतो, आणि त्यामागची मडकी विसरून जातो. हायड्रोमीटरला मात्र यांतले काहीच कळत नाही. फूल यंदाचे की गेल्या सालचे, मडके धुपवलेले होते की नाही, उतरवणारा हात कोणाचा, यासाठी सरकारी वहीत रकानाच नव्हता. होते ते गॅलन, प्रूफ आणि कर. जे वहीत नाही ते हळूहळू बाजारातून जाते, आणि बाजारातून गेलेले पुढे बोलण्यातूनही जाते.

मुंबई इलाख्यात तर फूलच संशयित ठरले. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहफुले बाळगण्यावर निर्बंध आले. दुष्काळात पोट भरणारी वस्तू घरात ठेवणे हाच पुरावा बनला. १९३९ मध्ये 'द बैगा' लिहिणाऱ्या व्हेरियर एल्विन यांनी मंडला-बालाघाटच्या डोंगरांत हेच पाहिले. आदिवासींच्या विधींत दारूचे थेंब आधी भूमीला आणि पूर्वजांना अर्पण केले जातात. ती दारू घरची असणे बंद होऊन दुकानातून विकत आणावी लागणे हा केवळ पैशांचा प्रश्न नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते.

स्वातंत्र्यानंतर हा वाद संविधान सभेत पोहोचला. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीचे तत्त्व मार्गदर्शक तत्त्वांत घालण्याचा विषय आला (आजचा अनुच्छेद ४७). कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी त्याला विरोध केला. जयपाल सिंग मुंडा यांनी तर गुडघाभर पाण्यात, पावसात दिवसभर धानाची रोवणी करणाऱ्या संथाळांचा दाखला देऊन तांदळाच्या घरगुती मद्याची बाजू मांडली. रोवणीचा चिखल ज्यांनी अनुभवला आहे, त्या भंडाऱ्याच्या वाचकांना हा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज नाही. तत्त्व मंजूर झाले.

आता सीमारेषेकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रांताचे तुकडे झाले. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला, आणि त्यात मोहफुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. परिणाम असा की तुमसर तालुक्यातून बावनथडी नदी ओलांडली की झाड तेच, फूल तेच, गोंडी बोलणारे सोयरेही तेच, कायदा मात्र निराळा. पलीकडे अनुसूचित जमातींना स्वतःच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत दारू उतरवता येते. अलीकडे तेच काम हातभट्टी ठरते. (जाता जाता : आपल्या कायद्यानुसार मद्य पिणाऱ्यालाही परवाना लागतो. आमच्या पाच जणांच्या त्या गंभीर मैफलीत किती परवाने होते, हे मी लिहिणार नाही.)

येथे एक सावधगिरी. मोहाच्या दारूचे गोडवे गाण्यासाठी हे लिहिलेले नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या रेट्यामुळे, आणि त्यांच्या अनुभवापुढे माझी चवीची चर्चा फिकी आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मात्र तो बळी मिथेनॉलचा होता. चोरून, घाईने, नफ्यासाठी केलेली दारू आणि आजीने मंडईसाठी उतरवलेली दारू यांना एकच 'गावठी' हा शब्द लावणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी परवडणारे नाही.

शब्दांचे हे राजकारण अलीकडेही दिसले. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षांपासून वाइन बनवण्याच्या उद्योगासाठी धोरण आखले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद जाहीरपणे केला गेला. विरोधानंतर तो निर्णय थांबला. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे आजही फेब्रुवारी-मार्चपासून घरोघर पहिल्या उतरणीचा कोवळा हुर्राक प्यायला जातो आणि मुरलेली फेणी वेगळी ठेवली जाते. नव्या-जुन्याचा फरक लहान मुलालाही ठाऊक असतो. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून बाजारात आणण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरील व साठवण्यावरील निर्बंध सैल केले. फूल मोकळे झाले, एवढेच.

त्या रात्री आम्ही जुन्या वाइनसाठी दहा-बारा शब्द वापरले आणि त्यांतले बहुतेक इंग्रजी होते. मित्राला विचारले, "नव्या फुलाच्या आणि जुन्या फुलाच्या दारूला आजी काय म्हणायची?" त्याने बराच वेळ आठवून पाहिले. आजी जाऊन सहा वर्षे झाली होती. त्याला एकही शब्द आठवला नाही. आठवली ती फक्त तिची सवय : पळसाच्या द्रोणातून घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि मान किंचित डावीकडे कलायची.

म्हणून धाग्याच्या शेवटी एक विनंती. पवनी, साकोली, लाखांदूर, लाखनी, मोहाडी, तुमसर किंवा भंडारा, यांपैकी कोठेही तुमचे गाव असेल आणि घरी साठ-सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांना झाडीबोलीत किंवा गोंडीत विचारा : यंदाच्या फुलाच्या दारूला काय म्हणत? मागच्या सालच्या फुलाच्या दारूला? धार मवाळ होत गेली की तिला काय नाव होते? उत्तर त्यांच्याच उच्चारात, गावाच्या नावासह खाली लिहा. मी वही उघडून बसलो आहे.