नीश परफ्यूम : निवड आणि तुलना

नीश परफ्यूम : फॅशनच्या मोठ्या नावांच्या विक्रीसाखळीबाहेर, फक्त सुगंधाचाच व्यवसाय करणाऱ्या लहान घराण्यांनी थोड्या प्रमाणात तयार केलेले आणि मोजक्या दुकानांतून विकले जाणारे अंगाला लावण्याचे सुगंध. डिऑर, अर्मानी, केल्विन क्लाइन अशा नावांनी विमानतळावर आणि मॉलमध्ये मिळणाऱ्या सुगंधांना या व्यवहारात ‘डिझायनर’ म्हणतात. डिझायनर सुगंध लाखो लोकांना हुंगताक्षणी आवडावा अशा बेताने बांधलेला असतो. नीश सुगंधावर तेवढे बंधन नसते, त्यामुळे त्यात धूर, कापूर, चामडे, ओली माती, ऊद असे वास धिटाईने येतात. त्याची निवड अवघड होते तीही याच कारणाने. किंमत बहुधा डिझायनर बाटलीच्या दुपटीपुढे जाते, आणि केवळ वर्णन वाचून घेतलेली बाटली कपाटात पडून राहण्याचा संभव मोठा असतो.

या प्रवाहाचा उगम पॅरिसचा. सँ-जर्मां बुलेव्हारवर 1961 मध्ये तीन कलावंत मित्रांनी काढलेल्या ‘दिप्तिक’ या दुकानाने 1968 मध्ये आपला पहिला सुगंध आणला. जाँ लापोर्त या रसायनतज्ज्ञाने 1976 मध्ये ‘लार्तिझाँ पार्फ्युमर’ स्थापन केले. नीश घराण्यांचा इतिहास सामान्यतः तिथून मोजतात. 1992 मध्ये सर्ज ल्युतांस यांनी शिसेइदो या जपानी कंपनीच्या पाठबळावर पॅले रॉयालमध्ये दालन उघडले. 2000 मध्ये फ्रेडरिक माल यांनी सुगंध रचणाऱ्याचे नाव ठळकपणे बाटलीवर छापायला सुरुवात केली. तोवर फॅशनगृहांच्या बाटल्यांवर शिवणाऱ्याचे नाव असे, सुगंध रचणारा पडद्याआड राही. पुस्तकावर लेखकाचे नाव असते तसे बाटलीवर रचनाकाराचे नाव असावे, ही मालची भूमिका निवडीच्या दृष्टीने फार उपयोगाची ठरली. दॉमिनिक रोपियों किंवा बर्त्रां दुशोफुर यांचा एखादा सुगंध मनात भरला, तर त्यांचे दुसरे काम शोधता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते घराण्याच्या नावापेक्षा रचनाकाराचे नाव हा जास्त भरवशाचा धागा आहे.

घराण्याचे नाव आज फारसे काही सांगत नाही. ल लाबो आणि फ्रेडरिक माल ही दोन्ही घराणी एस्टी लॉडरने घेतली, फ्रान्सिस कुर्कजियान यांच्या घराण्यात 2017 मध्ये एलव्हीएमएच आली, बायरेडो 2022 मध्ये पुइगकडे आणि क्रीड 2023 मध्ये केरिंगकडे गेले. म्हणजे ‘लहान’, ‘स्वतंत्र’ हे शब्द अनेक ठिकाणी फक्त लेबलावर उरले आहेत. यामुळे सुगंध आपोआप वाईट ठरत नाही. पण ‘नीश’ या शिक्क्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारणही उरत नाही. मुंबईशी जोडलेला एक दुवा इथे सांगण्याजोगा आहे. स्टॉकहोममध्ये 2006 साली बायरेडो स्थापन करणाऱ्या बेन गोरहॅम यांची आई मूळची मुंबईच्या चेंबूरची, आणि त्या घराण्याच्या पहिल्या सुगंधांपैकी एकाचे नाव ‘चेंबूर’ असे होते. खुद्द मुंबईत 2016 पासून ‘बॉम्बे परफ्युमरी’ हे घराणे या प्रकारात काम करते आहे.

सुगंध काळात उलगडतो, आणि निवडीचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांचे हलके रेणू काही मिनिटांत उडून जातात. फुले आणि मसाले तासदोन तास टिकतात. चंदन, ऊद, राळ, कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्ये संध्याकाळपर्यंत अंगावर राहतात. विल्यम पाउचर या ब्रिटिश तज्ज्ञाने शेकडो द्रव्यांना उडून जाण्याच्या वेगानुसार 1 ते 100 असे क्रमांक दिले होते. सुगंधाचे आरंभ, मध्य आणि तळ असे तीन थर सांगण्याची रीत त्याच विचारावर उभी आहे. दुकानात कागदी पट्टीवर आपण हुंगतो तो बव्हंशी आरंभ. अंगावर वावरतो तो तळ. पहिल्या पाच मिनिटांच्या वासावर बाटली घेणारा माणूस, ज्याच्याबरोबर दिवसभर राहायचे आहे तो भाग न तपासताच पैसे देतो.

बाटलीवरचे ‘ओ द त्वालेत’, ‘ओ द पार्फ्यूम’ हे शब्द अल्कोहोलमध्ये सुगंधी द्रव्य किती विरघळवले आहे ते सांगतात: कोलोनमध्ये सुमारे 2 ते 5 टक्के, त्वालेतमध्ये 5 ते 15, पार्फ्यूममध्ये 10 ते 20, एक्स्ट्रेमध्ये 20 च्या पुढे. हे आकडे रूढीचे आहेत, कायद्याचे नाहीत. प्रमाण वाढले की दरवळ वाढतोच असेही नाही. एक्स्ट्रे पुष्कळदा अंगालगत राहतो आणि त्वालेत खोलीभर पसरतो. शिवाय एकाच नावाच्या दोन प्रकारांचे सूत्रही कित्येकदा वेगळे असते, म्हणून त्यांची तुलना दोन निराळे सुगंध समजूनच करावी.

तुलना कशी करायची हे निशिगंधाच्या उदाहरणावरून चांगले कळते. मूळचे मेक्सिकोचे हे फूल आपल्याकडे हारांत, गजऱ्यांत आणि लग्नमंडपात इतके रुळले आहे की त्याचा खरा वास मराठी माणसाच्या नाकाला पाठ असतो. ते खुडल्यावरही काही काळ वास सोडत राहते, म्हणून फ्रान्समधल्या ग्रास या गावी पूर्वी त्याच्या पाकळ्या चरबीच्या थरावर पसरून सुगंध शोषून घेत. आज द्रावकाने अर्क काढतात आणि त्या व्यापारात दक्षिण भारताचा वाटा मोठा आहे. या एका फुलावर रचलेले तीन प्रसिद्ध सुगंध शेजारी ठेवून पाहावेत. जेर्मेन सेलिए यांनी 1948 मध्ये रोबेर पिगेसाठी केलेला ‘फ्राका’ नीश युगाच्या आधीचा, पण पुढच्या सगळ्यांचा मापदंड आहे: लोण्यासारखा दाट, गोड, पांढऱ्या फुलांचा घमघमाट. ल्युतांस यांचा 1999 चा ‘त्युबेरोज क्रिमिनेल’ (रचना क्रिस्टोफर शेल्ड्रेक) उघडतो तो सांधेदुखीच्या मलमाच्या वासाने. हा विक्षिप्तपणा नाही. निशिगंधाच्या अर्कात मिथिल सॅलिसिलेट असते आणि मलमातही तेच असते. शेल्ड्रेक यांनी फुलात दडलेला तो पदर पुढे आणून ठेवला. अर्ध्या तासाने मलम ओसरते आणि फूल उरते. रोपियों यांनी 2005 मध्ये मालसाठी रचलेला ‘कार्नल फ्लॉवर’ तिसऱ्याच दिशेने जातो: निलगिरीचा हिरवा गारवा, नारळाची साय, कळीचा कच्चेपणा. पहाटे फुलबाजारात पाणी मारलेल्या जुड्यांचा वास ज्याला हवा असेल त्याला हा सर्वांत जवळचा वाटेल, आणि तिघांत श्रेष्ठ तोच, असे ठामपणे म्हणता येते. मात्र रोज कार्यालयात वापरायला तिन्ही जड आहेत.

या तुलनेतून दिसते ते असे की एकाच द्रव्यावरचे सुगंध समोरासमोर ठेवले तरच रचनाकाराने काय निवडले आणि काय सोडले ते कळते. निशिगंधाशेजारी ऊद आणि त्याशेजारी संत्रे हुंगून ‘कोणता चांगला?’ असे विचारणे फोल आहे. चंदनाचेही असेच. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा ओला, दुधाळ वास मनात धरून ल लाबोचा ‘सँताल 33’ (2011) लावणारा निराश होतो. त्यात ऑस्ट्रेलियन चंदनाबरोबर देवदाराच्या जातीचे लाकूड, वेलदोडा आणि चामड्याचा भास आहे. वास कोरडा आणि तिखट येतो. दिप्तिकचा ‘ताम दाओ’ देवघरातल्या चंदनाच्या पुष्कळ जवळ आहे. आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या एका द्रव्यापासून सुरुवात करणे हा उत्तम मार्ग होय: वाळा, केवडा, मोगरा, दवणा, ज्याला जे ओळखीचे असेल ते.

प्रत्यक्ष तुलना एका वेळी दोनच सुगंधांची करावी, डाव्या आणि उजव्या हातावर एकेक फवारा मारून. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. दोन सुगंध मिसळतात आणि तुलना तिथेच संपते. लावल्यावर लगेच, पंधरा मिनिटांनी, एक तासाने, चार तासांनी आणि झोपण्यापूर्वी दोनचार शब्द लिहून ठेवावेत. ‘छान’ हा शब्द निरुपयोगी आहे. ‘जळकी साखर’, ‘ओले लाकूड’, ‘नवे पुस्तक’ असे लिहिले तर आठवड्यानेही ताडून पाहता येते. घरातल्या कुणाला तरी कुप्यांवर फक्त अ आणि ब लिहायला सांगून, नाव व किंमत न कळता हुंगले, तर मत पुष्कळदा बदलते. महागड्या सुगंधांच्या बाबतीत ही परीक्षा टाळू नये. कागदी पट्टीही फेकू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर उरलेला वास सुगंधाचा तळ स्वच्छ दाखवतो.

नाकाच्या मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. तीनचार वास घेतल्यावर नाक थकते. दुकानात त्यासाठी कॉफीच्या बिया पुढे करतात, पण मोकळ्या हवेत जाण्यापेक्षा किंवा आपलीच सुगंध न लावलेली कोपराची घडी हुंगण्यापेक्षा त्यांचा जास्त उपयोग नाही. काही द्रव्ये काही माणसांना येतच नाहीत: मोठ्या रेणूंच्या कृत्रिम कस्तुऱ्या आणि ‘आयसो ई सुपर’ ही नेहमीची उदाहरणे. गेझा शोन यांनी 2006 मध्ये आणलेला ‘मोलेक्यूल 01’ केवळ या एका द्रव्याचा आहे. एकाला तो निव्वळ अल्कोहोल वाटतो, तर दुसऱ्याला नितळ लाकूड. केशर आणि जळक्या साखरेची छटा असलेल्या कुर्कजियान यांच्या ‘बाकारा रूज 540’ची गोष्ट उलटी. लावणाऱ्याला तो थोड्या वेळात येईनासा होतो, म्हणून तो आणखी फवारतो आणि शेजारचा गुदमरतो. दरवळ किती आहे हे दुसऱ्याला विचारूनच ठरवावे.

हवामानाकडे युरोपीय वर्णनांचे लक्ष नसते, आपले असले पाहिजे. उष्णतेत द्रव्ये लवकर उडतात आणि दरवळ वाढतो. पॅरिसच्या हिवाळ्यासाठी बांधलेला राळ, व्हॅनिला, ऊद यांचा जाड सुगंध मे महिन्यात नागपुरात किंवा लोकलच्या गर्दीत डोके उठवतो. कोकणच्या दमट हवेत वाळा, लिंबूवर्ग, हिरवी पाने आणि हलके चंदन शोभून दिसते. जाड सुगंधांना महाबळेश्वरची किंवा नाशिकची थंडी द्यावी. विमानतळाच्या गार वातावरणात केलेली निवड घरी आल्यावर चुकीची ठरते ती यामुळेच.

अत्तर हे या तुलनेत स्वतंत्र उभे राहते. कनौजमध्ये देग-भपका या ऊर्ध्वपातनाच्या जुन्या पद्धतीने फुलांची वाफ चंदनतेलात उतरवून ते करतात. त्यात अल्कोहोल नसते, म्हणून ते फवाऱ्यासारखे उसळत नाही, हळूहळू वर येते. भाजलेल्या मातीपासून ओढलेले मातीचे अत्तर जगातल्या कोणत्याही नीश घराण्याला अभिमान वाटावा असे आहे. पावसाच्या पहिल्या वासावर 1964 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिताना बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनीही या अत्तराची दखल घेतली होती. मात्र चंदनतेल महागल्यापासून स्वस्त अत्तरांचा पाया बहुधा लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम द्रव्याचा असतो. तोळ्याचा भाव फारच कमी सांगितला तर ते चंदनावरचे नाही असे खुशाल समजावे. तुलनेसाठी कानाच्या पाळीत फाया ठेवण्यापेक्षा मनगटावर एक थेंब बरा.

किंमत बाटलीवर नव्हे, मिलिलिटरवर मोजावी. एका फवाऱ्याला सुमारे 0.1 मिलिलिटर लागते, म्हणजे 50 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 500 फवारे. रोज चार फवारे धरले तरी ती चार महिने पुरते, आणि तीनचार सुगंध आलटून पालटून वापरणाऱ्याला वर्षाहून जास्त. म्हणून आधी 1 किंवा 2 मिलिलिटरच्या कुप्या, मग डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेला 10 मिलिलिटर सुगंध, आणि तो संपून पुन्हा घ्यावासा वाटला तरच बाटली, हा क्रम पाळावा. जुन्या बाटलीची नव्या बाटलीशी तुलना करताना सूत्र बदलले असण्याची शक्यता धरावी: ओकमॉस या सुगंधी द्रव्यावर मर्यादा आल्या आहेत आणि लिलिअल हे द्रव्य मार्च 2022 पासून युरोपीय संघात बंद आहे, त्यामुळे अनेक सुगंध पुन्हा रचावे लागले. लिनालूल, लिमोनीन, कुमारिन ही नावे खोक्यावर छापलेली असतात ती ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. गडद रंगाचा सुगंध पैठणीवर किंवा कोणत्याही रेशमावर फवारू नये. डाग जात नाही.

सुगंधाचे शत्रू तीन: ऊन, उष्णता आणि हवा. बाटली खिडकीत किंवा न्हाणीघरात न ठेवता तिच्या खोक्यातच, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. अशी ठेवली तर ती बरीच वर्षे टिकते. बिघाड आधी लिंबूवर्गीय आरंभात दिसतो, लाकूड आणि राळ यांचे सुगंध जास्त काळ तग धरतात, आणि खऱ्या चंदनतेलावर ओढलेले अत्तर घट्ट बुचाच्या काचेच्या कुपीत वर्षागणिक अधिक मऊ होत जाते.