दोन जिवांची बाई आणि फुटबॉल

मी सातवी शिकलेली बाई. इतिहास लिहिणे माझे काम नव्हे. पण अकोल्याच्या माझ्या भाचीला दिवस गेले आणि तिने विचारले, "मावशी, फुटबॉल सोडू का?" सासूबाईंनी तर त्याच दिवशी 'बंद' म्हणून सांगितले होते. हा 'बंद' आला कोठून, ते मी शोधू लागले.

तो फार जुना निघाला. गर्भ राहिल्यापासून व्यायाम, जागरण, वाहनात बसणे, इतकेच काय उकिडवे बसणेही सुश्रुताने वर्ज्य सांगितले आहे. मग आपल्या वऱ्हाडात चुलीपुढे उकिडवे कोण बसले? माझी आई आठव्या महिन्यात पऱ्हाटीत वाकून ओटी भरून कापूस वेचत होती. तिला कोणी 'बस' म्हटले नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, १९३६ साली तेथील गडी बर्लिनला हुतूतू दाखवून आले. आईला मात्र खेळ असा भुलाबाईपुरताच माहीत.

आनंदीबाई जोशींचे मूल दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. कशासाठी, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

त्याच अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ साली सांगितले, की गरोदर बाईची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ नये. १९९४ साली ती अट काढली. आता प्रकृती ठीक असेल तर आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम करा म्हणतात. पण फुटबॉलसारखा धक्क्याचा खेळ नको. कारण साधे आहे. सुमारे बारा आठवड्यांनंतर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या वर येते, मग चेंडू किंवा कोपर थेट लागते. सांधे सैल होतात, तोलही बदलतो. रक्त गेले, पाणी गेले, चक्कर आली, तर तेथेच थांबून दवाखाना गाठावा.

जागतिक फुटबॉल संघटनेने १ जानेवारी २०२१ पासून करारातल्या खेळाडूंना १४ आठवड्यांची पगारी रजा दिली. आमच्या भाचीला कसला करार!

डॉक्टरीणबाईंना विचारून तिने सामने सोडले, चालणे ठेवले. संध्याकाळी मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन मुलींना शिकवते. परवा सासूबाई तिच्यासाठी खुर्ची घेऊन गेल्या, आणि खेळ संपेपर्यंत तिथेच थांबल्या.