तळटीप : ७७ हा आकडा कुठून आला

वर लेखकाने दिलेला भारताचा ७७ हा 'सत्ता-अंतर निर्देशांक' (सत्तेतली विषमता समाज कितपत स्वीकारतो याचे माप; आकडा जितका मोठा तितके अंतर जास्त) डच समाजमानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड (१९२८–२०२०) यांचा आहे. आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून त्यांनी असे निर्देशांक काढले आणि १९८०च्या ग्रंथात मांडले. साहेबाशी मतभेद असला तर तो बोलून दाखवायला कर्मचारी कितपत घाबरतात, हा त्यातला एक कळीचा प्रश्न. याच मोजपट्टीवर मलेशिया १०४ आणि डेन्मार्क १८.

म्हणजे मुळात हा आकडा एका कंपनीतल्या नोकरदारांचा आहे. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, छोटे दुकानदार त्यात नाहीतच. शिवाय तो समाजाविषयी बोलतो, एकेका माणसाविषयी नव्हे, हे हॉफस्टेड स्वतः बजावून सांगत. लेखकाने मात्र पुढच्या परिच्छेदात तो एका कुटुंबाला लावला आहे. तेवढे विधान वाचकांनी जपून घ्यावे. व्यवस्थापनाचे अभ्यासक ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२मध्ये हॉफस्टेड यांच्या पद्धतीवर कडक टीका केली. समाजमानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी शाळाशिक्षक आणि विद्यार्थ्यांकडून माहिती घेऊन मूल्यांची वेगळी मांडणी केली. या विषयात शिरू पाहणाऱ्याने ती जरूर वाचावी. — संपादक