नजरेचा कस

जोयडा तालुक्यातील दिग्गी हे गाव काळी नदीच्या उगमापाशी वसलेले. सह्याद्रीच्या त्या रानात भर दुपारीही झाडांखाली अंधार दाटलेला असतो. फांदीवरच्या धनेशाचे छायाचित्र घ्यावे आणि घरी येऊन पाहावे, तो पक्षी धूसर, मागची पाने मात्र लख्ख! चोचीवरचे शिंगच नीट दिसेना, तर हा महाधनेश की कवड्या धनेश, हे सांगावे कशाच्या आधारे? आणि दोष तरी कोणाचा, हाताचा की यंत्राचा?

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा घेतला. १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी स्वतःच कॅमेरा घडविला. त्या काळी भिंगाची कडी हातानेच फिरवावी लागे. चूक झाली, तर ती आपल्याच नजरेची. १९५९ मध्ये ‘झूमर’ हे ३६ ते ८२ मिलिमीटरचे झूम भिंग स्थिरचित्रांसाठी आले. १९७७ मध्ये कोनिकाने, १९८५ मध्ये मिनोल्टाने आपोआप फोकस साधणारे कॅमेरे विक्रीस आणले. नजरेचे काम यंत्राने पत्करले.

परंतु आरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाशाला दोन वाटा असतात. एक चित्र उमटते त्या पटलाकडे जाते, दुसरी तळाशी बसविलेल्या मापकाकडे. या दोन वाटांच्या लांबीत सूक्ष्म अंतर राहिले, तरी फोकस विषयाच्या पुढे वा मागे पडतो. कॅमेरा निर्दोष, भिंग निर्दोष, तरी जोडी जमत नाही! २००७ मध्ये कॅनन व निकॉन यांनी ही चूक कॅमेऱ्यातच दुरुस्त करण्याची सोय केली. झूमच्या बाबतीत मात्र एक आकडा पुरेना. आतील भिंगे सरकतात, म्हणून एका टोकाला जमलेली दुरुस्ती दुसऱ्या टोकाला चुकते. २०१२ पासून कॅननच्या काही कॅमेऱ्यांत दोन्ही टोकांना वेगळा आकडा देता येऊ लागला.

परीक्षा सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, छिद्र पूर्ण उघडावे, समोर सपाट छापील कागद लावावा. प्रत्येक टोकाला अनेक चित्रे घ्यावीत. एकाच चित्रावरून निष्कर्ष काढू नये. त्यांची तुलना पटलावरूनच फोकस साधून घेतलेल्या चित्राशी करावी आणि मगच आकडा बदलावा.

आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात मापन पटलावरच होते, त्यामुळे ही दुरुस्ती बहुधा लागत नाही. तथापि जुना कॅमेरा घेऊन रानात जाणाऱ्याने निघण्यापूर्वी एक संध्याकाळ या परीक्षेला द्यावी. धनेश काही पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसणार नाही.